जुनी चाल, नवी चाल

श्रोतेहो, गोष्ट गेल्या ज्येष्ठातली. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथ महाराजांची पालखी सिन्नरवरून पुढे सरकली, की आमच्या भागातल्या भजनी मंडळांना भलताच हुरूप चढतो. अशाच एका मंडळात तंटा उभा राहिला. मंडळातला एक मुलगा नाशिकला इंजिनियरिंग शिकतो. त्याने नेहमीच्या एका अभंगाची चाल कॉम्प्युटरवर नव्याने बसवून आणली. शब्द तेच, चालीचे तोंडही तेच. पण खाली पखवाजाच्या जागी यंत्रातला ठेका, मधूनमधून गिटारीचे तुकडे आणि लय जवळजवळ दुप्पट. ह्यालाच आजकाल ‘रिमिक्स’ म्हणतात. पोरांनी ती चाल डोक्यावर घेतली. पखवाज वाजवणाऱ्या नानांनी मात्र एक शब्द न बोलता पखवाजाला गवसणी घातली आणि सरळ घरची वाट धरली.

दोन दिवसांनी मंडळाची माणसे माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, तुम्ही इतिहास शिकवता. तुम्हीच सांगा, कोणाचं खरं? नाना आले नाहीत तर मंडळ मोडलं म्हणून समजा.”

मी गाणारा नाही, ऐकणारा आहे. पण हा वाद नवा नाही, एवढे मला ठाऊक होते. महाराष्ट्राने हा वाद गेली सव्वाशे-दीडशे वर्षे नाटकाच्या थिएटरात, घरच्या ओटीवर आणि चहाच्या दुकानात मोठ्या हिरिरीने घातला आहे. त्याचीच थोडी हकिकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ अण्णासाहेब किर्लोस्करांपासून करू. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि 1882 च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले. ह्या नाटकांतल्या पदांच्या चाली आल्या कोठून? काही कीर्तनातल्या साकी-दिंडीतून, काही बायकांच्या ओवीतून, काही लावणीतून, तर काही कर्नाटकातून. म्हणजे ज्या संगीताला आज आपण ‘अस्सल जुने’ म्हणतो, ते जन्मले तेव्हाच मुळी उसनवारीवर उभे होते! अण्णासाहेबांनी देवळातली चाल उचलून थिएटरात आणली, आणि लोकांनी ती आपली मानली.

पुढे 1896 मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ आले. कोल्हटकरांनी पारशी नाटकमंडळ्यांच्या चालींवर मराठी पदे रचली. किर्लोस्करी वळणावर कान तयार झालेल्या मंडळींना हे रुचेना. हे मराठी संगीत नव्हेच, असे एक म्हणे. रोज तेच ते किती दिवस ऐकायचे, असे दुसरा विचारी. पंधरा वर्षे गेली. 12 मार्च 1911 रोजी खाडिलकरांचे ‘मानापमान’ मुंबईत रंगभूमीवर आले. त्याच्या चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीचा बाज मराठी पदांत आणला. 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी त्याहून पुढे जाऊन ख्यालाच्या बंदिशीच पदांच्या रूपाने उभ्या केल्या. दर खेपेस कोणीतरी म्हणाले, “गाणे बुडाले.” आणि दर खेपेस पुढच्या पिढीने त्याच बुडालेल्या गाण्याला ‘सुवर्णकाळ’ असे नाव दिले.

आता ह्या वादातला सर्वांत रंगलेला प्रसंग सांगतो. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या खरे तर एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या कंपन्या. त्या रात्री त्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व झाले भामिनी आणि केशवराव भोसले झाले धैर्यधर. ध्यानात घ्या, चाली टेंब्यांच्या. आणि स्वतः टेंब्यांनीच गंधर्व मंडळीत धैर्यधराची भूमिका केलेली. तीच पदे आता केशवरावांच्या चढ्या, तेजदार आवाजातून आली. बालगंधर्वांचे चाहते निराळे, केशवरावांचे निराळे. एकाला गोडवा हवा, दुसऱ्याला तडफ हवी. त्या रात्री श्रेष्ठ कोण ठरले, ह्यावर पुढे लोक कितीतरी वर्षे भांडत राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर 1921 मध्ये, केशवराव वारले. वय अवघे एकतीस. दोघांना पुन्हा एकत्र ऐकण्याची सोयच उरली नाही. भांडण तेवढे उरले.

आणि केवळ चालीच बदलल्या असे नाही, वाद्येही बदलली. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन आला. ऑर्गन काही पंढरपुरात जन्मला नव्हता. ते परदेशी वाद्य! आज मात्र ऑर्गनच्या सुरांवाचून नाट्यपद पोरके वाटते. घरोघरीच्या भजनात बसलेली हार्मोनियमची पेटीसुद्धा विलायतेहूनच आलेली. ह्याच पेटीला रेडिओने 1940 पासून 1971 पर्यंत दार बंद केले होते, हे कदाचित आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. पेटीच्या ठरीव पट्ट्यांतून आपल्या रागांतले बारीक सूर निघत नाहीत, मींड निघत नाही, असा आक्षेप होता. आक्षेप शास्त्राला धरून होता. पण गावच्या देवळातल्या पेटीला कोणीही टाळे लावू शकले नाही. आज नाना ज्या पेटीबरोबर पखवाज वाजवतात, ती पेटीही एके काळी ‘परकी’ होती.

इथे नाशिककरांना अगदी जवळची अशी एक आठवण सांगितली पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी उतारवयात आमच्या पंचवटीत आश्रम केला. थोर गवई आणि थोर शिक्षक. त्यांनी निराळ्याच प्रकारचा बदल केला. जुन्या चिजांतले शृंगाराचे शब्द काढून तेथे भक्तीचे शब्द घातले. चाल राहिली, शब्द बदलले. का, तर सभ्य घरातल्या मुलामुलींनी गाणे शिकावे म्हणून. जुन्या खानदानी गवयांना हे खटकणारच. पण हजारो घरांत तंबोरा शिरला तो ह्याच मार्गाने.

नाशिकचा आणखी एक धागा आहे. प्राध्यापक वसंत कानेटकर आमच्या हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजात शिकवीत. त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ ह्या 1964 च्या नाटकाला संगीत दिले गोव्याच्या पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी. अभिषेकीबुवा काही काळ मुंबईच्या आकाशवाणीवर होते. दोनच वर्षांनी नाशिकच्याच कुसुमाग्रजांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले. त्यालाही अभिषेकींचेच संगीत. पदे आटोपशीर झाली. एका पदावर अर्धा तास रेंगाळण्याचे दिवस सरले. गंधर्वांच्या गायकीवर जीव असलेल्या वडीलधाऱ्यांना चुकल्यासारखे झाले. तरुणांना मात्र आपल्या काळाचे गाणे मिळाले.

मग 1967 मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. संगीत पुन्हा अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. ह्या नाटकाचा विषयच मुळी आपला आजचा विषय आहे. गाणे कोणाचे? घराण्याचे, की ज्याला त्याची तहान लागली त्याचे? दुसऱ्या घराण्याचा एक तरुण चोरून गाणे शिकतो, आणि गुरूच्या काळजात कट्यार घुसते.

2015 साली ह्या नाटकावर चित्रपट निघाला. शंकर-एहसान-लॉय ह्या त्रयीने जुन्या पदांना नवा वाद्यमेळ दिला आणि काही गाणी नवी घातली. झाले! घरोघरी दोन तट पडले. आमच्या घरातच पडले. माझ्या वडिलांनी वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलेले. चित्रपट पाहून येताना ते रिक्षात चकार शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “वाद्यं फार झाली. गळा कुठं ऐकू आला?” माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, “आजोबा, मला आज पहिल्यांदा ते गाणं कळलं.” दोघेही खरेच बोलत होते. गंमत अशी, की चित्रपटातला खाँसाहेबांचा गाता गळा होता राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. आणि दुसरा महेश काळे यांचा, म्हणजे अभिषेकीबुवांच्या शिष्याचा. काळ्यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरचीच माणसे नवे करीत होती, परके कोणी नव्हते. त्या आठवड्यात मुलीने मोबाइलवर वसंतरावांचे जुने ध्वनिमुद्रण शोधून काढले आणि आजोबांच्या शेजारी बसून ऐकले. नवे आले म्हणून ती जुन्यापर्यंत पोचली. पण श्रोतेहो, जुने जपून ठेवलेले होते, म्हणूनच ती तेथे पोचू शकली.

ह्या विषयाचे मर्म मला इथे दिसते. ‘सौभद्रा’तली सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर 1901 साली वारले. गाणी मुद्रित करणारी ग्रामोफोन कंपनीची माणसे हिंदुस्थानात आली 1902 साली. एका वर्षाने चुकामूक झाली! ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला, तो आवाज कसा होता, हे आज कोणीही सांगू शकत नाही. भाऊरावांचे गाणे कोणा नव्या चालीने मारले नाही. त्याची नोंद राहिली नाही, म्हणून ते गेले. जुन्याचा खरा वैरी विस्मरण हा आहे.

याचा अर्थ, नवे ते सगळे चांगले असे मुळीच नव्हे. अभंगाचा अर्थच ठेक्याखाली गाडला जात असेल, तर नानांची तक्रार रास्त आहे. युरोपात बाख नावाच्या थोर संगीतकाराने विवाल्डीच्या व्हायोलिनच्या रचना पेटीसारख्या वाद्यांवर नव्याने बसवल्या. पण त्याआधी तो त्या नीट शिकला होता. नव्या चालीला तीन प्रश्न विचारावेत. शब्द नीट कानी पडतात का? मूळ चाल कोणाची, हे गाणाऱ्याला ठाऊक आहे का, आणि तो ते सांगतो का? आणि नवे करणाऱ्याला जुने येते का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तर खुशाल गावे.

तेच मी मंडळाला सांगितले. तिसऱ्या प्रश्नाला तो मुलगा खाली मान घालून बसला. पखवाजाचे बोल त्याला येत नव्हते. म्हणूनच तर त्याने यंत्र लावले होते. दुसऱ्या दिवशी तो नानांच्या ओट्यावर जाऊन बसला. नाना आधी बोलेनात. मग म्हणाले, “बस. हात धुऊन ये.” दोन संध्याकाळी मिळून नानांनी चौदा जुन्या चाली म्हणून दाखवल्या, मुलाने त्या मोबाइलवर मुद्रित केल्या. त्यातल्या तीन चाली मंडळातल्या कोणाच्याही कानांवर आलेल्या नव्हत्या. नव्या चालीवरून वाद अजून मिटलेला नाही. नाना ती वाजवत नाहीत. पण एकादशीला ते येतात, गवसणी काढतात, आणि जुनी चाल आधी होते.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी एवढीच विनंती, की आपल्या गावात असे नाना असतील, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजीबाई असतील. वर्गातल्या चार मुलांना त्यांच्याकडे धाडा. चाल मुद्रित करून घ्या. म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून शाळेच्या कपाटात ठेवा. नवी चाल मुले आपली आपण बांधतील. जुनी मात्र हे लोक आहेत तोवरच मिळणार आहे.