पालवणकर बंधू आणि संघनायकपद

खेळ हा करमणुकीचा विषय आहे, त्याचा समाजकारणाशी संबंध नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु कोणाला खेळू द्यावयाचे, कोणाच्या पंक्तीला बसवावयाचे आणि नेतृत्व कोणाकडे सोपवावयाचे, हे प्रश्न मैदानाबाहेरचेच असतात. पालवणकर बंधूंचा इतिहास हेच सांगतो.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणे हे त्यांचे काम. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी, मंदगती गोलंदाजी सिद्ध झाली. साहेबांना हरविण्याची ईर्षा बाळगणाऱ्या पुण्याच्या हिंदू क्लबाला हा गोलंदाज हवासा वाटला. पण तो हवा होता मैदानापुरताच. ज्या हातांनी टाकलेला चेंडू उच्चवर्णीय खेळाडू बिनदिक्कत झेलीत, त्याच हातांत चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यातून आणि तंबूबाहेर दिला जाई.

पुढे बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता आणि त्यांचे बंधू शिवरामही त्याच संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात जिंकता येते, हा या सामन्याचा एक अर्थ. ते जिंकावयाचे तर जातीची कुंपणे ओलांडावी लागतात, हा दुसरा. पहिला अर्थ लोकांनी आनंदाने स्वीकारला. दुसरा पचनी पडण्यास फार काळ लागला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी 114 बळी मिळविले. एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे नायकपद त्यांना लाभले नाही. गुण मान्य, पण अधिकार अमान्य, असा हा न्याय होता.

1920 साली या न्यायाला आव्हान मिळाले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नायकपदासाठी त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली व आपली तक्रार जाहीरपणे लोकांपुढे मांडली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यतानिवारणाची हाक दिली, हे लक्षात घेतले म्हणजे या माघारीचे मोल कळते. अखेर बाळूंना उपनायक नेमावे लागले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामन्यांत विजय मिळविला.

मैदानावरील कीर्तीने बाळूंना राजकारणातही आणले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. त्यात बाबासाहेब विजयी झाले. एकाने खेळातील पराक्रमाने मान मिळविला, दुसऱ्याने हक्कांसाठी संघटित लढा उभारला. मतदारांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला, यात पहिल्याचा अपमान नाही. परंतु मान आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही जाण त्यात निश्चित आहे.

बाळूंचे निधन 1955 साली झाले. जातिभेद खेळाने नाहीसा केला नाही, तो एकट्या खेळाच्या आवाक्यातला नव्हताच. मात्र धावफलकावर जात लिहिलेली नसते. तेथे नोंदलेले बळी अमान्य करता येत नाहीत, आणि म्हणूनच ते मिळविणाऱ्यास डावलणे हा उघड अन्याय ठरतो. अन्यायाला असे उघडे पाडण्याचे सामर्थ्य मैदानात आहे. तो दूर करण्याचे काम मात्र पालवणकर बंधूंना मैदान सोडूनच करावे लागले.