पित्याची रोजनिशी आणि हरवलेला पुत्र

न्यू इंग्लंडमधील प्युरिटन समाजात कुटुंब हे एक लहानसे चर्चच मानले जाई व पिता हा त्याचा उपाध्याय असे. मुलाचे वर्तन ही त्यामुळे निव्वळ घरगुती बाब राहत नसे. पित्याच्या श्रद्धेचीच ती परीक्षा ठरे. बॉस्टनचा धर्मोपदेशक कॉटन मेदर (१६६३–१७२८) याचे उत्तरायुष्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. सेलमच्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांशी निगडित झालेले त्याचे नाव बहुश्रुत आहे. त्याच्या रोजनिशीतील पिता मात्र तितकासा परिचित नाही.

मेदरचे तीन विवाह झाले व त्याला पंधरा अपत्ये झाली. त्याच्या पश्चात त्यांतील दोनच हयात होती. १७१३ च्या नोव्हेंबरात गोवराच्या साथीने एका पंधरवड्यात त्याची दुसरी पत्नी, नवजात जुळी भावंडे आणि एक लहान मुलगी हिरावून नेली. अशा मृत्यूंचा अर्थ लावण्याची परिभाषा त्याच्या धर्माने सिद्ध करून ठेविली होती. संततीवर पहिला अधिकार ईश्वराचा, हे त्याने इतरांना शिकविले होते आणि स्वतःही स्वीकारले होते. परंतु जिवंत पुत्राच्या स्खलनाचा अर्थ कसा लावावा?

१६९९ मध्ये जन्मलेल्या या पुत्राला आजोबांचे इन्क्रीज हे नाव मिळाले. हा मुलगा प्रभूचा सेवक होईल, असे आश्वासन प्रार्थनेत लाभल्याची नोंद पित्याने केली. एखादी विवक्षित याचना मान्य झाली आहे, अशी जी खात्री प्रार्थनेच्या क्षणी अंतःकरणात उमटते, तिला मेदर ‘विशिष्ट श्रद्धा’ म्हणे. १७०२ मध्ये पहिल्या पत्नीच्या आजारात त्याला तिच्याविषयी अशीच खात्री वाटली होती; तरीही ती वाचली नाही. त्या अनुभवाने तो गोंधळून गेला, पण ही कल्पना त्याने सर्वस्वी टाकून दिली नाही.

१७१७ मध्ये एका स्त्रीने आपल्या गर्भाचे पितृत्व इन्क्रीजवर लादले. याच सुमारास मेदर तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधील त्सीगेनबाल्ग याच्याशी पत्रव्यवहार करीत होता; त्यातूनच ‘इंडिया क्रिस्तियाना’ हा ग्रंथ १७२१ मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाला. कोरोमंडल किनाऱ्यावरील अनोळखी जिवांच्या उद्धाराची चिंता वाहणाऱ्या या मनुष्याला आपल्याच घरातील मुलापुढे मात्र हात टेकावे लागत होते. त्याच १७२१ साली त्याने मुलाला दृष्टीआड करण्याचा निश्चय केला, आणि पुढे पुन्हा क्षमाही केली. रोजनिशीतील हे हेलकावे दुबळेपणाचे म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण त्यांच्या मुळाशी एक खरा सैद्धांतिक पेच आहे. कॅल्विनच्या मतानुसार मुक्ती ही ईश्वराच्या निवडीवर अवलंबून असते. पित्याचे पुण्य पुत्राच्या कामी येत नाही. उलट, ईश्वराशी झालेला करार श्रद्धावंतांच्या संततीलाही लागू होतो, अशीही प्युरिटनांची धारणा होती. पित्याची आशा या दुसऱ्या मतावर उभी होती, त्याचे भय पहिल्यातून उपजत होते.

१७२४ मध्ये इन्क्रीज समुद्रात बुडाल्याची वार्ता आली. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. मेदरने त्याच्या मृत्यूवर प्रवचन केले व ते छापविले. मंडळीसमोर दुःखाला उपदेशाचे रूप देणे हा त्याचा व्यवसायधर्मच होता. रोजनिशीत मात्र प्रश्न निराळा होता. जन्मसमयीच्या त्या आश्वासनाचे काय झाले? तो शब्द खरा मानावा, तर पुत्राचे आयुष्य त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते. खोटा मानावा, तर प्रार्थनेत ऐकलेला प्रत्येकच शब्द संशयास्पद ठरत होता.

ही रोजनिशी १९११-१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने दोन भागांत प्रसिद्ध केली. तिच्यात आत्मगौरव पुष्कळ आहे, भाषाही अनेकदा कृत्रिम आहे. तरीही तिचे वाङ्मयीन मोल या विसंगतींतच आहे. प्रत्येक घटनेत ईश्वरी संकेत वाचण्याची सवय जडलेला एक विद्वान पुरुष येथे अशा एका घटनेपुढे थांबतो की, जिचे वाचन त्याला साधत नाही. आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थनेला बसतो.