नांदेड-लातूरकडील वैद्यकीचे कागद व सरकारी आरोग्यधोरण

नांदेड-लातूरकडील वैद्यघराण्यांचीं दप्तरें तपासतांना पुणें-मुंबईच्या कायद्यांच्या तारखा तेथील कागदांस लावण्याची चूक होण्याचा संभव असतो. मुंबई इलाख्यांत वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ मध्यें झाला. परंतु नांदेड जिल्हा, व तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर, हीं निजामाच्या राज्यांत होतीं; तेथें तो कायदा लागू नव्हता. सबब १९५६ पूर्वींच्या तेथील कागदावर मुंबईचा नोंदणीक्रमांक आढळल्यास त्या घराण्याचा मुंबई इलाख्याशीं संबंध शोधावा.

निजामशाहींतील धोरणाचा ओघ निराळा होता. हैदराबादेस १८४६ मध्यें डॉक्टरी शिक्षणाची शाळा निघाली. युनानीसही सरकारचा आश्रय होता. पुढें उस्मानिया विद्यापीठांत डॉक्टरीचें शिक्षणसुद्धां उर्दूंतून देत. रोगी मराठी, परंतु सरकारी दप्तर उर्दू, अशी ही स्थिति होती. त्यांतील फसली सनांत सुमारें ५९० मिळविल्यास इसवी सन येतो. सुहूर सन समजून चालल्यास नऊ-दहा वर्षांची चूक पडते.

१९४६ मध्यें सर जोसेफ भोर यांच्या समितीनें अहवाल दिला. चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र ही तिची नजीकची योजना, व डॉक्टर पदवीधरच असावा हा तिच्या बहुमताचा आग्रह. त्यामुळें कनिष्ठ दर्जाच्या डॉक्टरांचें शिक्षण बंद पडत गेलें; पदवीधर मात्र खेड्यांत पुरेसे गेले नाहींत. १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें आयुर्वेद व युनानी चिकित्सकांची नोंदणी राज्यभर एका नियमाखालीं आणली. नांदेडास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघावयास तर १९८८ साल उजाडलें.

मधल्या काळांत खेड्यांतील रोग्याचा हात कोणीं धरला, हें सरकारी नोंदबुकावरून समजत नाहीं. त्यांत नांव व क्रमांक असतो, चिकित्सा नसते. ती घरगुती बाडांत, नुसख्यांच्या चोपड्यांत व उधारीच्या वह्यांत सांपडावयाची. नोंदणीपत्र हातीं आल्यावर घरच्या बाडाचें प्रयोजन उरलें नाहीं. आम्ही संग्राहकही बखरी व पोथ्या उचलतों आणि नुसखे वाण्याच्या पुड्यांस सोडतों. धोरणाचा कागद सरकारदरबारीं सुरक्षित आहे. त्याचा परिणाम सांगणारा कागद मात्र वाळवीच्या स्वाधीन आहे. तो आधीं राखावा, मग इतिहास लिहावा.