पूर्वजांचे गाव आणि नकाशावरचा ठिपका

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आप्रवासी नोंदवह्यांत आपल्या पूर्वजांचे नाव, बापाचे नाव, वय आणि बहुधा गाव व जिल्हाही सापडतो. कारकुनाने कानावर पडले तसे रोमन अक्षरांत लिहिलेले ते गाव आज आपण संगणकाच्या नकाशावर शोधतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

नोंदीत नुसते ‘रत्नागिरी’ असले की ठिपका रत्नागिरी शहरावर पडतो. परंतु तो जिल्हा त्या काळी दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग त्यातून १९८१ साली वेगळा झाला. ‘कुलाबा’ जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले. नकाशा मात्र आपल्याला मुंबईच्या कुलाब्यात नेऊन सोडतो. शिरगाव तर रत्नागिरी, चिपळूण आणि देवगड या तिन्ही तालुक्यांत आहे.

अशा ठिपक्यांची बेरीज करून अहवाल छापला, की सारे जण शहरातूनच आले असा खोटा इतिहास तयार होतो. त्याहून वाईट म्हणजे एखादे कुटुंब भलत्याच गावच्या ग्रामदेवतेची ओटी भरून परतते.

म्हणून नोंदवहीतील अक्षरे जशीच्या तशी उतरावीत. आजचे नाव शेजारच्या रकान्यात लिहावे. जिल्हाच ठाऊक असेल तर ठिपका न देता जुना जिल्हा रंगवावा. तालुका, आणि घरात टिकलेले आडनाव वा कुलदैवत, जुळल्याशिवाय गाव पक्के मानू नये. रिकामी जागा पुढची पिढी भरू शकेल. चुकीचा ठिपका पाहून ती शोधच थांबवील.