ग्वाल्हेरच्या दोन मालगाड्या

ग्वाल्हेर म्हटलं की किल्ला, तानसेन आणि शिंदे सरकार आठवतात. मला मात्र तिथल्या दोन मालगाड्या आठवतात.

पहिली जयविलास राजवाड्यातली, जेवणाच्या टेबलावर धावणारी. चांदीची. डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं आणि माल कसला, तर मद्य आणि सिगार! पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची.

दुसरी लोखंडाची, दोन फुटी रुळांवरची. माधवराव शिंद्यांनी राजवाड्याच्या आवारात हौसेने रूळ घातले आणि त्या हौसेचा पुढे राज्याचा कारभार झाला. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीचे फाटे सुरू झाले, १९०९ पर्यंत रूळ श्योपूरला पोचले. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटर. इतक्या अरुंद रुळांवरचा हा खूप लांब मार्ग होता. १९५१ मध्ये शिंद्यांची ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली.

या गाडीचे फोटो उदंड आहेत. बहुतेकांत टपावर बसलेली माणसं. मालडबे क्वचितच दिसतात, दिसलेच तर कडेला, अर्धे कापलेले. पण त्या भागाचं पोट कशावर चालायचं हे सांगणार ते डबेच. धान्याची पोती, हातगाडी, पत्र्याची शेड, उतरलेल्या मालावर बसून विडी ओढणारा हमाल. छायाचित्रकाराला नको असतं तेच नेमकं पुढे इतिहासाला हवं असतं.

माल या गाडीवरून का गेला, हे कळायला आपल्याला लांब जायला नको. मिरजेला उतरून गाडी बदललेल्या गोंयकारांना रूळ बदलण्याचा ताप ठाऊक आहे. माणूस निदान स्वतःच्या पायांनी चालत जातो. पोतं मात्र एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागतं, वेळ जातो, हमाली वाढते. ट्रक थेट दुकानाच्या दारात येऊ लागल्यावर व्यापारी रुळांकडे कशाला फिरकेल?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ही गाडी थांबली ती कायमचीच. त्या दिशेने आता मोठे रूळ पडत आहेत, कैलारसपर्यंत नवी गाडी पोचलीसुद्धा. ते व्हायलाच हवं होतं. आजारी माणसाला ग्वाल्हेरच्या इस्पितळात न्यायचं तर ताशी वीसेक किलोमीटरच्या गाडीचं कौतुक कोण करील?

पण हिशेब बघा. राजाच्या मद्याची मालगाडी काचेआड सुखरूप आहे, पोत्यांची मालगाडी कुणाच्या तरी जुन्या फोटोच्या कोपऱ्यात. म्हणून एक विनंती. रुळांकाठचे जुने फोटो घरात असतील तर मागे गाव आणि साल लिहून ठेवा. आणि कडा कापू नका.