झटपट निकालाची बारा वर्षे

2002 साली ब्रिटनमध्ये आश्रयासाठी 84 हजारांहून अधिक अर्ज आले आणि तुंबलेले अर्ज हा राजकारणातला तापता विषय झाला. केंब्रिजशायरमधल्या ओकिंग्टन केंद्रात अर्जदाराला आठवडा-दहा दिवस ठेवून निकाल देण्याची पद्धत 2000 पासूनच होती. 2003 मध्ये हीथ्रो विमानतळालगतच्या हार्मंड्सवर्थमध्ये ती आणखी आवळली गेली: आज दाखल, उद्या मुलाखत, परवा निकाल, आणि अपील संपेपर्यंत स्थानबद्धता. बारा वर्षे चाललेल्या या पद्धतीत दोष केवळ वेगाचा नव्हता. सरकारने वाचवलेला बराचसा वेळ अर्जदाराच्या वाट्यातून कापला, हे खरे दुखणे होते.

आश्रयाचा दावा शाबीत करायचा तो अर्जदाराने. छळाचा पुरावा म्हणजे बहुधा अंगावरचे व्रण आणि ते कशाने पडले हे सांगणारा डॉक्टरी अहवाल. शिवाय मायदेशातून मागवायची कागदपत्रे आणि त्यांची भाषांतरे. बलात्कार सोसलेली बाई दुसऱ्याच दिवशी परक्या अधिकाऱ्यापुढे, दुभाष्यामार्फत, मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षाच अवास्तव. वकील मिळे, पण अनेकदा मुलाखतीच्या तोंडावर. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. नकार आला की अपिलाला कामकाजाचे 2 दिवस. बाहेरच्या अर्जदाराला मात्र 14. प्रकरण झटपट निकाली निघण्याजोगे आहे का, हे ठरे जुजबी प्राथमिक चौकशीत, आणि तिथे आश्रय का हवा याची खोलात विचारपूस होत नसे.

खऱ्या निर्वासितालाही लवकर निकाल हवा असतो, हा सरकारी युक्तिवाद खोटा नाही. वर्षानुवर्षे टांगणीला लागणे हाही जाचच. गुंतागुंतीचे प्रकरण न्यायाधीश या रांगेतून बाहेर काढू शकतात, असेही सांगितले जाई. पण तशी विनंती करायलाही आधार लागे आणि तो जमवायला वेळच नसे. जुलै 2015 मध्ये अपील न्यायालयाने ही सोय अपुरी मानली आणि अपिलाचे नियम व्यवस्था म्हणूनच अन्याय्य ठरवले. बहुतेक दावे फेटाळले गेले, म्हणजे ते पोकळच होते, हा आक्षेपही टिकत नाही. ज्या पद्धतीच्या सचोटीवर शंका आहे, तिचाच निकाल तिच्या बाजूने साक्षीला कसा घ्यायचा? घाई करायचीच, तर मुलाखतीआधी फाइल महिनोन्‌महिने पडून राहते तिथे करावी. पुरावा जमवण्याच्या दिवसांना हात लावू नये. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने स्थानबद्धांच्या जलद अपिलांची तरतूद पुन्हा आणली, तिलाही हीच कसोटी लावावी लागेल.