पडद्यावर रक्त कोणाचे?

मागच्या पंधरवड्यात तीन कथापट सालाच्या क्रमाने पाहिले आणि माहितीपट मुद्दाम शेवटी ठेवला. पहिले दोन होते ‘अछूत कन्या’ आणि ‘सुजाता’. या दोघांना आजही पुरोगामी म्हणण्याची पद्धत आहे. मला ते मान्य नाही.

‘अछूत कन्या’ १९३६ चा. फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण प्रताप यांचे प्रेम. शेवटी दोन पुरुषांची मारामारी थांबावी म्हणून कस्तुरी धावत्या गाडीसमोर जाते आणि मरते. म्हणजे अस्पृश्य मुलगी मेली की ती पूजनीय! ‘तो काळच तसा होता’ असे कोणी म्हणेल. तर त्याच १९३६ मध्ये जात-पात-तोडक मंडळाने भाषणातला मजकूर वगळायला सांगितला, बाबासाहेबांनी नकार दिला आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतः छापले. काळ तोच होता.

‘सुजाता’ १९५९ चा. बिमल रॉय यांचे दिग्दर्शन आणि नूतनचा अभिनय, दोन्हींबद्दल वाद नाही. पण ब्राह्मण घरात वाढलेल्या या मुलीला ‘आपली’ ठरायला काय करावे लागते? पालक आईला स्वतःचे रक्त द्यावे लागते. नायिकेचे नाव सुजाता, बुद्धाला खीर देणारीचे. कथेत ‘चंडालिका’चा प्रयोग, तीही आनंद भिक्खूची गोष्ट. इतका बौद्ध वारसा हाताशी आहे, आणि तीनच वर्षांपूर्वी नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारलेला आहे. पडद्यावर मात्र गांधीजी आहेत, बाबासाहेब नाहीत. हे विसरणे निरागस नसते.

‘फँड्री’त (२०१३) पहिल्यांदा आपल्याकडून कोणी त्याग मागत नाही. डुक्कर खांद्यावर टांगून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई. आणि शेवटी तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने. थिएटरातली ती शांतता मला अजून आठवते.

मग ‘जय भीम कॉम्रेड’. आनंद पटवर्धन यांनी त्यासाठी चौदा वर्षे दिली. दिग्दर्शक आपल्यातला नाही, ही तक्रार मीही केली आहे. पण हे काम नसते तर पुढच्या पिढीच्या हाती काय राहिले असते? ११ जुलै १९९७, घाटकोपरची रमाबाई नगर वस्ती. पुतळ्याला चपलांचा हार, रस्त्यावर उतरलेली माणसे, राज्य राखीव पोलिसांचा गोळीबार, दहा जणांचा मृत्यू. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा. टँकर कुठे होते आणि माणसे कुठे पडली, ते अंतर हा चित्रपट डोळ्यांसमोर ठेवतो. इथे रक्त खरे आहे, आणि मेलेल्यांना नावे आहेत, घरे आहेत, रडणाऱ्या आया आहेत. उपनिरीक्षक मनोहर कदमला जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, बारा वर्षांनी. पुढे जामीनही मिळाला.

गोळीबारानंतर चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन यांच्याच १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये ते गायले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळे कापड बांधले होते.